कपाटावरचे पतंग

आमच्या घरात खराटा कधी धड राहिला नाही. नवा आणला की आठवड्यात त्याला टक्कल पडायचं, कारण आमच्या मास्तरांना काड्या लागायच्या. लांब, सरळ, न चिरलेल्या. मी अंगण झाडायला घ्यावं आणि हातात नुसती मूठ यावी. "अहो, पोरांना काय शिकवायचं ते शिकवा, पण माझा खराटा सोडा," असं मी ओरडायची, आणि ते आतल्या खोलीत कात्री शोधत असायचे.

मास्तर म्हणजे माझा नवरा. जन्मभर प्राथमिक शाळेत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर जास्तच शाळेत जायला लागले. पडेगावकडच्या, पैठण रस्त्याच्या, कुठल्या कुठल्या जिल्हा परिषदेच्या शाळा. तिथं पोरांना हातानं वस्तू करायला शिकवायचे. पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीत कागदाचे कंदील, थंडीत पतंग. कधी अख्खा वर्ग रांगेत घेऊन कुंभाराच्या चाकावर जायचे आणि पोरांचे हात कोपरापर्यंत चिखलात घालायचे. त्याला ते सहल म्हणायचे. मी म्हणायची, लष्कराच्या भाकऱ्या. पुंडलिकनगरातल्या आमच्या न्हाणीतला नळ किती महिने गळत होता, पण त्याच्याकडं बघायला यांना सवड नव्हती. लोकांच्या पोरांचे पतंग उडत होते आणि माझी बादली भरत होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते दूध आणायला गेले आणि चौकात पडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दुधाची पिशवी कुणीतरी उचलून आणली आणि आमच्या ओट्यावर ठेवली. खरं सांगते, मला रडू आलं नाही, रागच आला. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडले तो माणूसच उठून गेला, आता भांडायचं कुणाशी? तेराव्यापर्यंत बायका म्हणत होत्या, हिला रडवा गं कुणीतरी, नाहीतर जिवाला लागंल. पण डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

संक्रांत जवळ आली. गल्लीत सुगडांची, वाणाची, हळदीकुंकवाची बोलणी सुरू झाली. मी दारात दिसले की बोलणी बंद व्हायची. त्यांना वाटायचं, मला कळत नाही.

अशातच एका बाईंचा फोन आला. बिडकीनच्या अलीकडं एक छोटी शाळा आहे, तिथल्या तिसरीच्या बाई. त्यांना मास्तरांचं कळलं होतं. चाचरत बोलल्या. मास्तर जाण्याआधी त्यांच्या वर्गात पतंग करायला गेले होते. काड्या बांधून झाल्या, कागद चिकटवून झाला, आणि खळ वाळायला हवी म्हणून दोऱ्याचं काम पुढच्या शनिवारवर ठेवलं. तो शनिवार आलाच नाही. "पतंग तसेच कपाटावर पडलेत काकू. पोरं रोज विचारतात. मी सांगितलंय की सर आजारी आहेत. लहान आहेत हो, माझ्या तोंडून निघंना." मग म्हणाल्या, सरांची दोऱ्याची रिळं घरी असतील तर कुणाच्या हाती पाठवाल का?

माझा मुलगा म्हणाला, मी देऊन येतो. मी म्हणाले, मी येते, मला बांधता येतं. माझं माहेर येवल्याकडचं. आमच्याकडं पोरगी चालायला लागायच्या आधी पतंगाला हात लावते. पण आमच्या थोरल्या नणंदबाई सोबतीला राहिल्या होत्या, त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, वर्ष सरायच्या आत बाईनं घर सोडू नाय, अन् तू पतंग बांधायला चालली? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू द्या," मी म्हणाले. "त्यांची एक भाकरी भाजायची राहिलीय, तेवढी भाजून येते."

मोटारसायकलवर मुलाच्या मागं बसून गेले. फाटकातच बाई भेटल्या, अगदी तरुण पोर. माझा हात धरून म्हणाल्या, "काकू, पोरांना अजून काही सांगितलं नाही. तुम्ही पण आज..." मी म्हणाले, नाही सांगत. मला तरी कुठं धीर होता! मनात ठरवलं, दोरे बांधायचे, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि निघायचं.

वर्गात पोरं जमिनीवर बसली होती, प्रत्येकाच्या पुढ्यात एक पतंग. वर्तमानपत्राचे, वेडेवाकडे, खळीचे डाग पडलेले. कुणाच्या पतंगावर बाजारभाव, कुणाच्या पतंगावर पुढारी. आणि प्रत्येकात माझ्या खराट्याच्या काड्या. "या सरांच्या घरच्या आजी," बाई म्हणाल्या, आणि मीही खाली मांडी घातली. लाल रिबिनी बांधलेली एक पोरगी सरकत पुढं आली आणि म्हणाली, "आजी, तुमाला मंगळसूत्र बांधता येतं का?"

बाईंचा चेहरा पडला. "कन्नी म्हण गं, कन्नी!"

"पर सर तर मंगळसूत्रच म्हणतेत," पोरगी म्हणाली.

पतंगाच्या छातीवर जो दोरा बांधतात, ज्याच्यावर तो वाऱ्यात तोल धरतो, त्याला इथं कन्नी म्हणतात. आमच्या येवल्याकडं मंगळसूत्र म्हणतात. तो माझा शब्द होता. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला गच्चीवर मी त्यांना तो दोरा बांधायला शिकवलं, तेव्हा हसून हसून ते खालीच बसले होते. "बायकोनं माझ्या पतंगाला मंगळसूत्र बांधलं," असं शेजारच्या गच्चीवर ओरडून सांगितलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. आता माझ्या गळ्यात काही नव्हतं. पोरांचं तिकडं लक्ष नव्हतं, बाईंचं होतं.

"येतं की," मी म्हणाले.

"मग तुमीच त्या उस्ताद! सर म्हणले, आमच्या घरी एक उस्ताद हाये, तिनं मला शिकवलं. तिच्यावाणी मला अजून जमत नाय."

उस्ताद! अहो, इतक्या वर्षांत हे एकदा माझ्या तोंडावर म्हणाला असतात, तर नळाचंसुद्धा माफ केलं असतं मी तुम्हाला. लोकांच्या लेकरांना सांगितलं आणि मला नाही. मी रीळ सोडलं.

मग रमलो आम्ही. काड्या एकमेकींवर येतात तिथं दोन भोकं, खाली शेपटाकडं दोन भोकं, दोरा ओवायचा, आणि वरचा पदर खालच्यापेक्षा बोटभर आखूड धरून गाठ मारायची. "आजी, माझं लई सैल झालं." "मग सोड आणि पुन्हा बांध, त्यात रडायचं काय?" "आजी, ह्यो माझा दोरा वढतोय." बाईसुद्धा खाली बसून शिकल्या. तेवढा वेळ मला बरं वाटलं.

खिडकीपाशी एक बारकी पोरगी मात्र पतंग छातीशी धरून बसली होती. मी हात पुढं केला तर मागं सरकली.

"मी नाय बांधणार. सर बांधणार होते."

"सर आजारी आहेत ना गं," बाई म्हणाल्या.

"आजारी नाय न् काय नाय. येतो म्हणले अन् आलेच नाय. खोटारडे हायेत सर."

दोन-चार पोरं फिसकन हसली. माझं डोकंच फिरलं.

"कोण खोटारडं?" माझा आवाज इतका चढला की बाहेर खिचडी ढवळणारी बाई दारात येऊन उभी राहिली. ज्या माणसानं पोरांना शब्द दिलाय म्हणून भर तापात एस.टी. पकडली, ज्याला बाजारात साधी घासाघीससुद्धा जमली नाही, तो खोटारडा? ही पोरं मोठी होतील, पतंगाचं सगळं विसरतील आणि एवढंच ध्यानात ठेवतील, की एक सर होते, येतो म्हणाले आणि आले नाहीत. ते मला सोसवलं नाही. मी बाईंकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

"सर आजारी नाहीत," मी म्हणाले. "सर वारले."

रिबिनीवाली हळूच म्हणाली, "वारले म्हंजी मेले?"

"व्हय. त्या शनिवारच्या आधीच. दूध आणायला गेले आणि रस्त्यात पडले. ते खोटं नाही बोलले गं. तुमच्या दोऱ्यांची पिशवी भरून दारामागं ठेवली होती त्यांनी."

खिडकीपाशी बसलेली पोरगी माझ्याकडं बघत राहिली. आता तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती खरोखरच विचारत होती.

"पर येतो म्हणले होते ना?"

"मला पण तेच म्हणाले बाळा," मी म्हणाले. "त्या दिवशी सकाळी, दारातून. येतो गं, म्हणाले."

आणि मग मला रडू फुटलं. त्या परक्या लेकरांच्या मधोमध, पदर तोंडात कोंबूनही आवाज आवरेना. थोड्या वेळानं ती पोरगी उठून माझ्याजवळ आली, तिनं तिचा पतंग माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बांधा."