‘छान’ म्हणायला बंदी

मुलीच्या डोक्यातलं डिझाइनचं खूळ उतरावं म्हणून मी तिला मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या मेहुण्याकडे पाठवलं. चूक माझीच. हा बायकोचा मावसभाऊ, आणि नवीन पनवेलचे सगळे सेक्टर पालथे घातले तरी त्याच्याइतका संशयी प्राणी सापडायचा नाही. याच्या सहवासात आठवडा काढला की पोरगी आपण होऊन इंजिनिअरिंगच्या क्लासला पळेल, अशी माझी अटकळ.

मेहुण्याचा संशय माणसांवर नसतो, वस्तूंवर असतो. उभी नोकरी पंख्यांचे नि मिक्सरचे आकार ठरवण्यात गेली; तेव्हापासून जगातली कुठलीही वस्तू निर्दोष असते यावर त्याचा विश्वास उरलेला नाही. हॉटेलात शिरला की आधी खुर्ची हलवतो, मग टेबलाखाली वाकून बघतो. एकदा चहाच्या किटलीकडे रोखून बघत म्हणाला, “भावोजी, जपा. हिची चोच बघा. ही तुमच्या पँटवर डूख धरून आहे.” मी हसत हसत किटली उचलली. उरलेला वेळ मांडीवर रुमाल पसरून बसलो.

निवृत्त झाल्यापासून दर रविवारी त्याच्या पार्किंगमध्ये कामोठ्याची, बेलपाड्याची दहावी-बारावीची मुलंमुली जमतात. गाडी बिचारी रस्त्यावर. पुठ्ठा, तार, सुतळी घ्यायची, वस्तू करायची, लगेच वापरायची आणि मोडली की का मोडली ते शोधायचं. कुणी “सर, मला चित्र येत नाही” म्हटलं की हा म्हणतो, “चित्राचं नंतर बघू. आधी तुझ्या आजीला डब्याचं झाकण उघडता येतं का ते बघून ये.” आणि तिथे ‘छान’ म्हणायला सक्त बंदी. म्हणेल त्याने फाटकाबाहेर बसायचं. छान म्हणणाऱ्याने वस्तू वापरलेलीच नसते, असा त्याचा पक्का संशय.

सुट्टी संपताना मुलीने जाहीर केलं, परीक्षा देईन तर डिझाइनचीच. मी त्या रविवारी तडक पार्किंगमध्ये भांडायला गेलो. बेलपाड्याच्या एका मुलीने गोधडी टाकलेलं काहीतरी पुढे सरकवलं, “बसा ना काका.” बसलो आणि सुटलो. पुठ्ठे कापून पोट भरतं का? पुठ्ठ्याच्या आधारावर आयुष्य उभं राहतं का? सगळी इतकी मन लावून ऐकत होती की माझा मलाच अभिमान वाटला. मध्येच तीच मुलगी म्हणाली, “काका, तुमी जरा डाव्या अंगाला झुकून बोला ना.” मी आवेशाने झुकलो.

दम लागून उठलो, तेव्हा मेहुण्याने गोधडी ओढली. खाली स्टूल. अख्खं पुठ्ठ्याचं, ना खिळा, ना गोंद.

“पप्पा, तुम्ही बूट घालताना भिंत धरून नाचता ना,” मुलगी म्हणाली, “म्हणून केलं.”

“असं वजनदार, संशयी गिऱ्हाईक मिळतंय कुठे!” मेहुणा खूश.

मी फाटकापर्यंत गेलो, परत आलो, स्टूल उचललं आणि घरी आणलं.

मुलगी आता डिझाइनच्या कॉलेजात, हॉस्टेलवर. स्टूल दाराशी आहे. त्यावर बसून मी बूट घालतो आणि घालून झाले तरी जरा बसून राहतो. परवा मेहुणा आला आणि स्टुलाचे कोपरे दाबदाबून बघू लागला. मला राहवेना.

“अरे, तपासतोस काय? छान आहे! रोज वापरतो, मग म्हणतोय.”

त्याने मान वर न करता दाराकडे बोट केलं.

“मग हे पोरीला फोन करून सांगायचं. मला काय सांगताय? व्हा बाहेर.”