कूलरवाल्यांची मंदी

मंदीत आमच्या गोदामात दोनच गोष्टींचा ढीग लागला: न विकलेले कूलर आणि किस्से. कूलर कसेबसे खपले, किस्से मात्र माझ्याकडेच पडून आहेत. घ्या, थोडे तुम्हीही घेऊन जा!

मी हिंगण्याच्या एका कूलर कारखान्यात टाइम ऑफिस, म्हणजे हजेरी-पगाराचं काम, सांभाळतो. मालक म्हणजे आमचे सेठजी, मूळ इतवारी बाजारातल्या भांडेवाल्यांच्या घरातले. मनाने चांगले, पण पैशाला घट्ट. ऑर्डरी थांबल्या तसं त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं.

"काढणार कोणालेच नाही. पण ऑर्डरी येईपर्यंत पगार पाऊणच भेटन. अन् सारे जण आपापल्या नातेवाइकाईले कूलर घ्याले सांगा!"

मागून आमचा वेल्डर देवराव ओरडला, "सेठजी, माझे सारे नातेवाईक इथंच कामाले आहेत!"

देवरावच्या स्वतःच्या घरचा कूलर गंजून त्याचा तळ गळून पडला होता. बायको रोज म्हणायची, "दुनियेचे कूलर जोडता, आपला कधी हो?" पूर्ण पगार सुरू झाल्याशिवाय काही खरं नव्हतं. उन्हाळा तर तोंडावर आलेला!

*

गेटबाहेर सुनंदाबाईंची तर्री-पोह्याची गाडी. त्यांनी आमच्याकडे एक कूलर बुक केला होता. एक दिवस त्या बुकिंग रद्द करायला आल्या.

सेठजी वैतागले. "बाई, आता तुम्ही पण?"

"तुमचे लोक तीन जणांत एक प्लेट खाऊन राहिले. मी कूलर कायनं घेऊ?"

सेठजींनी त्या दिवशी स्वतः दोन प्लेट पोहे मागवले. दोन्ही संपवले!

*

मग सेठजींनी कार विकली आणि कंपनीच्या बसने यायला लागले. पहिल्या दिवशी ते प्रताप नगरच्या थांब्यावर चढले आणि अख्खी बस चिडीचूप. पगारकपातीची बातमी ऐकूनसुद्धा इतकं कोणी घाबरलं नव्हतं!

देवराव माझ्या कानात म्हणाला, "आतापर्यंत मले वाटे, हा माणूस मंदीचं नाटक करून राहिला."

खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मला सेठजींची माया वाटायला लागली.

*

सगळ्यात मजा आली ती सल्लागाराची. पुण्याहून एक टायवाले साहेब आले आणि पडद्यावर बाण दाखवायला लागले. पगार कमी, की फायदा जास्त. फायदा जास्त, की नवीन मशीन. नवीन मशीन, की तेजी!

देवरावने हात वर केला. "सायेब, नवीन मशीनवर बनलेला कूलर घेणार कोण?"

"ग्राहक आहेत, असं आपण गृहीत धरलंय."

"बापा! बाकी साऱ्याईले बाण, अन् गिऱ्हाईक तेवढं अंदाजानं?"

सेठजी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. बाहेर जाऊन पोटभर हसले, मी पाहिलं!

*

त्यानंतर दोन दिवस सेठजी वही घेऊन गिऱ्हाइकं मोजत बसले. तिसऱ्या दिवशी नोटीस लागली: या महिन्यापासून पूर्ण पगार. ऑर्डर तर एकही आली नव्हती! मी म्हटलं, आता कारखाना बुडतो.

पगार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा सेल्समन धावत आला. "सेठजी, बुकिंग! एकदम चौदा कूलर!"

"कोठून? वर्ध्याहून?"

"नाही जी. आपलीच सकाळची शिफ्ट लाइनीत उभी आहे. मागं सुनंदाबाई पण आहेत."

सेठजी खाली आले. लाइनीत सगळ्यात पुढे देवराव, बायकोला सोबत घेऊन. सेठजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देवराव, तू घरचा माणूस. तुले पाचशे रुपये कमी."

देवराव दोन पावलं मागे सरकला. "एक रुपया कमी करू नका, सेठजी!"

"काहून गा?"

"मागच्या खेपेले तुमचा फायदा कमी झाला, तवा माझाच पगार कापला होता!"