वरचं तेवढं वाचणारे व्यंकटअण्णा

माउसच्या चाकावर कुणी बोट ठेवलं की व्यंकटअण्णा त्याच्या हातावर चापट मारत. "खाली कामून जायलास? कामाचं सगळं वरच असतंय." औरादच्या बसस्टँडसमोर त्यांचं नेट कॅफे होतं, गावातलं पहिलं. त्यामुळे नेटवर वाचायचं कसं हे अख्ख्या गावाला या गृहस्थांनी शिकवलं.

त्यांचं वाचन म्हणजे पडद्यावर मावेल तेवढं पान, त्यातही लाल आणि लुकलुकणारं तेवढंच. पानं बनवणारेही त्यांचेच भाऊबंद. मथळा हलगीसारखा बडवायचा आणि कामाची गोष्ट तळाशी बारीक अक्षरांत कोंबायची. अण्णांना कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही येत, पण एकाही भाषेतला दुसरा परिच्छेद त्यांनी कधी पाहिला नाही.

माझ्या बहिणीच्या, सुनंदाच्या, नर्सिंग प्रवेशाची सूचना त्यांनीच काढून दिली. वर लाल अक्षरांत मुलाखतीची तारीख आणि 'बीदर'. सुनंदा म्हणाली, "अण्णा, खाली अजून हाय की."

"ते नियम असतेत, पोरी. कुणी वाचत न्हाई."

आमच्या तालुक्यातल्या मुलींनी मुलाखतीला गुलबर्ग्याला जायचं, असं तळाशी लिहिलेलं होतं. बीदरला कुलूपबंद फाटकापुढे दिवसभर उभी राहून ती परतली. जागा गेली, आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न कमठाण्याला लावून दिलं. सुनंदाला घेऊन मी भांडायला गेलो तर हा माणूस चहा पीत म्हणतो, "एवढं महत्त्वाचं हुतं तर खाली कामून लिवलं? चूक लिवणाऱ्याची हाय." त्या दिवशी मला त्यांचा जो वीट आला, तो कायमचा.

अण्णा गेले ते कमठाण्यात, त्यांच्या मूळ गावी. मी तेव्हा बीदरजवळ कोळारच्या कारखान्यात होतो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बातमी दिसली. वर मोठा फोटो, 'औरादच्या व्यंकटअण्णांचे निधन' असा मथळा. माती कमठाण्यात द्यायची, हे तळाशी. बहिणीचं गाव म्हणून गेलो, नाहीतर गेलो नसतो.

दारात मोजकी भावकी होती. औरादला फोन लावला, तर सगळे हार घेऊन बंद कॅफेपुढे वाट बघत उभे. इकडे खांद्याला माणूस कमी पडत होता, खांदा मलाच द्यावा लागणार होता.

"दादा, औरादचे कामून न्हाई आले?" सुनंदानं विचारलं.

"खालचं वाचलं न्हाई त्यांनी."

ती तिरडीकडे बघत राहिली. मग पदर सारखा करत म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? चूक लिवणाऱ्याची हाय."