मच्छरदाणीतले चौदा मासे

आमच्या मत्स्य संशोधन केंद्रात जाळी दुरुस्त करणारे एक मामा होते. तीस वर्षं नोकरी, आणि तोंड असं फटकळ की साहेबसुद्धा त्यांच्या वाटेला जात नसत. मागच्या खोलीत स्टुलावर बसून, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून ते फाटकी जाळी सांधायचे. जीव मात्र एका बोटभर माशावर. ओढ्याच्या उथळ पाण्यात गोट्यांना चिकटून राहणारा, मातकट, फुकट दिला तरी कुणी घेणार नाही असा.

"ताई, हा गोटे खरवडून शेवाळ खातो. हा आहे म्हणून पाणी नितळ आहे," ते मला सांगायचे. "एकदा कागदावर येऊ द्या बिचारा."

कागद माझ्याच हातात होता. ओढ्याची पाहणी मी करत होते, आणि माझा अहवाल बघूनच तिथले गोटे उपसायचे की नाही ते ठरणार होतं. आमचं ठरलेलं जाळं मोठ्या भोकांचं. हा मासा त्यातून आरामात निसटायचा. म्हणून मामांनी घरची मच्छरदाणी फाडून जाळं शिवलं, मामींची बोलणी खाल्ली, आणि चौदा मासे बादलीत घालून माझ्या टेबलावर आणून ठेवले.

मी काय म्हणावं? "मामा, नियमाच्या जाळ्यात येतील तेवढेच मोजायचे. मच्छरदाणीतले धरले तर मागच्या आकड्यांशी मेळ कसा बसणार?" मोठी शहाणी ना मी! खाली एक टीप लिहिली असती तर माझ्या बापाचं काय जात होतं? 'लहान मासे' या रकान्यात मी 'नाहीत' लिहिलं. मामा बादली उचलून निघून गेले. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंत्रं आली, गोटे गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी हिरवंगार, जवळून जाताना नाक धरावं लागे. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. मच्छरदाणीचंच जाळं घेऊन आठ दिवस ओढा पालथा घातला. एकही मासा मिळाला नाही.

मामा तोवर निवृत्त झाले होते. मी त्यांच्या घरी गेले. मामींनी पाणी दिलं.

"मामा, चुकलं माझं. तो अहवाल मी दुरुस्त करून घेते."

मामांनी मान हलवली.

"आता काय दुरुस्त करता, ताई? तेव्हा ते खोटं होतं. आता खरं झालं की."

मला रडू आलं, आणि त्यांच्यासमोर रडायचीही लाज वाटली.