पाठीवरची बोली

आजीचा आवाज गल्लीच्या या टोकाला निघाला की त्या टोकाची मांजरं दचकून उठायची. लोक तिला ‘भोंगा’ म्हणायचे, आणि बिनधास्त तिच्या तोंडावर म्हणायचे, कारण तिला ऐकू येत नव्हतं. तिथंच लोक फसायचे. कान गेले असले तरी तिला डोळ्यांनी लख्ख ऐकू यायचं. ओठ हलले की पुरे. समोरच्या गच्चीवर दोघी जावा कपडे वाळत घालता घालता सासूचं उणंदुणं काढत होत्या, तर ही आपल्या दारातून ओरडली, “अगं, आवरा! सासू जिन्यात आलीय!” त्या जावांनी पुढं बरेच दिवस तोंडाला कपडा धरून कपडे वाळत घातले.

आजी कापडाच्या गिरणीत मागावर होती. लग्न होऊन आली तेव्हा कान इतके तिखट, की दूध उतू जायच्या आधी तिला ऐकू यायचं. नवरा अकाली गेला, मुलगा अजून रांगत होता, आणि ही गिरणीच्या फाटकात जाऊन उभी राहिली. एवढ्या मोठ्या छपराखाली सगळे माग एकदम खडखडायला लागले की माणसाला स्वतःच्या मनातलंसुद्धा ऐकू येत नाही. त्या खडखडाटानं तिचे कान उंदरानं पोतं कुरतडावं तसे कुरतडले. तिची तक्रार नव्हती. म्हणायची, “कान दिले, घर चालवलं. सौदा वाईट नव्हता. वर सुनेचं बोलणं ऐकावं लागत नाही, हा नफा.”

सूनही काही कमी नव्हती. सासूला काही सुनावायचं असलं की ती खुशाल पाठ करून भांडी घासत बोलायची. तिच्या पाठीकडे बघत आजी म्हणायची, “बोल, बोल. खांदे हलताहेत तुझे.”

या दोघींच्या मध्ये सुतळी वाढली. सुतळी म्हणजे नात. अंगानं इतकी बारीक की आजीनंच ते नाव ठेवलं, आणि खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं. आईबाप दोघंही कामावर, त्यामुळे पोरीचं न्हाऊमाखू, खाणंपिणं, रुसणंफुगणं सगळं आजीकडे. ती बोलायला शिकली तीच मुळी ओठ पुरते वळवून, आजीला कळावं म्हणून. शाळेतल्या बाई विचारायच्या, “अगं, तू बोलतेस की घास चावतेस?”

सुतळी मोठी झाली, छापखान्यात पुस्तकांच्या पानांना घड्या घालायला जाऊ लागली, आणि त्याच सुमाराला आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दोन्ही डोळ्यांत. आधी समोरची गच्ची गेली, मग दारातली माणसं, मग ताटासमोर बसलेल्यांचे ओठ पुसट झाले. आजी बोलेनाशी झाली. भोंगा बंद पडला, आणि ज्यांनी त्या आवाजाला नावं ठेवली होती तेच येऊन विचारायला लागले, “बरी आहे ना म्हातारी?”

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, नजर येईल. पण तेव्हा आजच्यासारखं नव्हतं, की सकाळी गेलं आणि दुपारी घरी आलं. दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून काही दिवस उताणं पडून राहायचं, मानसुद्धा हलवायची नाही. हलली तर टाका निसटायचा आणि उरलीसुरली नजरही जायची.

आजी म्हणाली, “नाही.”

मुलगा तिच्या नाकाला नाक लावून ओरडला, “आई, आंधळी होशील!”

“होईन. तुझं काय जातं?”

“हट्ट बघा!” सून म्हणाली, तेही पाठ करून.

सगळ्यांना वाटलं, म्हातारी सुरीला घाबरली. सुतळीलाही तसंच वाटलं होतं. एका दुपारी ती आजीच्या पायाची नखं कापत होती, तेव्हा आजी आपण होऊन बोलली, आणि हळू बोलली. आजीला हळू बोलता येतं हे सुतळीला तेव्हा कळलं.

“सुरीला कोण भितंय गं? पण पट्टी बांधली की माझे कानही गेले आणि डोळेही. कोण आलं, कोण गेलं, काय करताहेत माझं, काही कळायचं नाही. विहिरीत टाकून वर झाकण घातल्यासारखं. आता निदान उजेड दिसतो, तुझ्या अंगाची सावली दिसते. तेवढ्यावर भागवीन मी.”

भागणार नव्हतं. ती सावलीही जायची होती, आणि मग विहिरीवरचं झाकण कायमचं. हे सुतळीला ठाऊक होतं, पण ते आजीला कसं सांगायचं? ओठ तर आता नाकाला नाक लावूनही दिसत नव्हते.

ती उठली आणि तडक ‘पाठची’कडे गेली. पाठची म्हणजे आजीची गिरणीतली जोडीदारीण. मागांच्या मधल्या चिंचोळ्या बोळात दोघी एकमेकींना पाठ लावून उभ्या असायच्या, हिचे माग पुढं, तिचे माग पुढं. धाग्यावरची नजर हलवायची सोय नाही, मग वळून ओठ कुठले बघणार? म्हणून त्या एकमेकींच्या पाठीवर बोलायच्या.

“शिकवा मला ते,” सुतळी म्हणाली.

पाठचीनं तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. “खांद्यावर दोन टिचक्या, धागा तुटला. कोपराला चिमटा, मुकादम आला. पाठीवरून हात खाली ओढला, डबा खायला चल. मानेखाली बोट गोल फिरवलं, भोंगा झाला, सुटलो. आणि हा बघ,” असं म्हणून तिनं आपला खरखरीत तळवा सुतळीच्या पाठीच्या मधोमध टेकवला आणि दाबून धरला, “माझा माग बघ, मी आलेच. हा हात पडला की जागचं हलायचं नाही. भोंगा झाला तरी नाही. ती येईपर्यंत तिचे मागही तुझे.”

“एवढंच?”

“एवढ्यात आमचा जन्म गेला. तुला काय व्याख्यान द्यायचंय?”

सुतळी घरी आली तेव्हा आजी मोरीपाशी उभ्यानं चहा पीत होती. सुतळीनं मागून जाऊन तिच्या कोपराला चिमटा घेतला. आजीनं झटकन कप पाठीमागं लपवला आणि ताठ उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की ना गिरणी, ना मुकादम. तिनं हात मागं नेऊन नातीचा चेहरा चाचपला आणि इतकी हसली, की सांडलेला चहा सुनेला पुसावा लागला.

“दुखणार असेल, तर आधी काय खूण करशील गं?” आजीनं विचारलं.

सुतळीनं खांद्यावर दोन टिचक्या मारल्या.

“बरं,” आजी म्हणाली. “घ्या करून एकदाचं.”

ऑपरेशन झालं. पाठ गादीला टेकलेली, म्हणून दोघींनी आधीच ठरवून ठेवलं होतं, की आजीचा दंड म्हणजे पाठ. डॉक्टर आले की सुतळी चिमटा घ्यायची आणि आजी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणायची, “आला का मुकादम? या, बसा!” डॉक्टर भले होते. खुर्ची ओढून खरंच बसायचे. एकदा म्हणाले, “आजींना सांग, जखम छान भरतेय, शाबास.” आता आली पंचाईत. मागखात्यात शाबासकीची खूणच नव्हती, तिथं कुणी ती कधी दिलीच नव्हती. सुतळीनं आपली डब्याची खूण केली. आजी वैतागली, “आत्ताच तर गिळलं ना!”

मग एका सकाळी डॉक्टर म्हणाले, “झालंच म्हणायचं आता. उद्या पट्टी काढू.” आणि पुढच्या खाटेकडे वळले. सुतळीला आनंद मावेना. ही गोष्ट आजीला कशी सांगू, कशी सांगू, असं होऊन तिनं दंडावर बोट गोल फिरवलं.

भोंगा झाला.

आयुष्यभर त्या खुणेला आजी एकच गोष्ट करत आली होती. तिनं तीच केली. उठली! डोळ्यांवर पट्टी तशीच, आणि पाय खाटेखाली चपला शोधायला लागले.

ओरडून उपयोग नाही. ओढून निजवावं तर हिसका बसणार. आजी खाटेच्या कडेला सरकली, आता उभी राहणार, एवढ्यात तिची मोकळी पाठ सुतळीला दिसली. तिनं तळवा त्या पाठीच्या मधोमध टेकवला आणि दाबून धरला.

माझा माग बघ, मी आलेच.

आजी होती तिथं थांबली. “आता गं कुठं निघालीस? भोंगा झाला ना?” ती कुरकुरली. पण हलली नाही. दुसरीचे माग टाकून घरी जाणारी बाई ती नव्हतीच. डॉक्टर धावत आले, दोन नर्सनी मान धरून तिला अलगद निजवलं, तोवर ती कोरून बसवल्यासारखी बसून होती.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. पुढं बाटलीच्या बुडासारखा चष्मा आला. तो नाकावर चढवून आजीनं सुतळीकडे बराच वेळ पाहिलं. सुतळीनं आवाज न काढता ओठ वळवून विचारलं, “दिसतंय?”

“दिसतंय. आणि ऐकूही येतंय. पण काय गं हे, सुतळी होतीस, दोरा झालीस की!”

भोंगा पुन्हा सुरू झाला तो पुढं कितीतरी वर्षं वाजला. सुतळीचं लग्न झालं, तिची पोरंही ओठ वळवून बोलायला शिकली, गच्चीवरच्या जावा म्हाताऱ्या झाल्या.

शेवटी आजीला उठवेना. एका सकाळी सुतळी उशी सारखी करायला तिच्यावर वाकली, तेव्हा आजीचा हात वर आला. काडीसारखा हात, पण तळवा नेमका पाठीच्या मधोमध पडला आणि दाबून राहिला. सुतळी वाकलेलीच राहिली. थोड्या वेळानं तो हात आपोआप घसरला.

माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, “ऊठ बाई, पुढचं बघायला हवं.” सुतळी उठली नाही. “‘माझा माग बघ’ म्हणून सांगितलंय तिनं,” एवढंच म्हणाली.

तिच्या आईला खुणा काही येत नव्हत्या. जन्मभर ती सासूला पाठ करून बोलली होती. पण लेकीकडे बघून तिला काय समजलं कोण जाणे, ती येऊन शेजारी बसली. या वेळी तोंड सासूकडे करून. आणि ओठ पुरते वळवून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “जा तुम्ही निवांत. माग आम्ही बघतो.”