गोदूबाईने पाहिलेला युरोप

गोदूबाई मानकोलीची. लग्न होऊन खारबावला आली तेव्हा तिचा धाकटा भाऊ केसरीनाथ सात वर्षांचा होता. आई नव्हती, म्हणून पहिली दोन वर्षं तिने त्याला सासरीच ठेवून घेतलं. सासूची बोलणी खाल्ली, पण पोराला जेवू घातलं. केसरीनाथ तिला बाय म्हणायचा. आज तो बावन्न वर्षांचा आहे, अजूनही बायच म्हणतो.

नवरा लवकर गेला. एकच मुलगी, दिपाली, ती कामतघरला दिली, जावई तिथल्याच पॉवरलूमवर कापड विणायच्या कामाला. गोदूबाई लग्नाघरी तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायची. हळदीच्या दिवशी चुलीपुढे एकदा बसली की दोनशे भाकऱ्या उतरवल्याशिवाय उठायची नाही. आसपासच्या चार गावांत तिला बोलावल्याशिवाय हळद होत नसे, आणि ह्या एका गोष्टीचा तिला फार अभिमान होता.

मानकोलीची भातशेती गोडाऊनवाल्यांना द्यायची ठरली, तेव्हा केसरीनाथ कागद घेऊन आला. वडिलांच्या जमिनीतला हक्क सोडल्याची सही बहिणीकडून हवी होती. दिपाली म्हणाली, आई, निदान घर दुरुस्त करून माग. गोदूबाईला ते बोलणंच आवडलं नाही. भावाकडे काय मागायचं? तिने रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन सही केली. बाहेर आल्यावर केसरीनाथचे डोळे भरले. चार माणसांसमोर तो म्हणाला, "बाय, तुला युरोप दाखवतो."

आणि त्याने शब्द पाळला. पुढच्या मे महिन्यात तेरा दिवसांची बस टूर निघाली. केसरीनाथ, त्याची बायको रंजिता, मुलगा हितेश, सून मनाली आणि गोदूबाई. गावात केसरीनाथचं नाव झालं. आजकाल कोण बहिणीला विमानात बसवतं, असं लोक म्हणाले. गोदूबाईने पातळावर स्वेटर घातला, रंजिताने घेऊन दिलेले बूट घातले आणि बसमध्ये खिडकीशी बसली. पहिले तीन दिवस तिने खिडकीवरची नजर काढली नाही. एवढ्या गवतात एक माणूस काम करताना दिसत नाही, ह्याचंच तिला नवल वाटत राहिलं. गायी मात्र तिने मोजल्या. संध्याकाळी दिपालीला फोनवर सांगायची.

चौथ्या दिवशी स्वित्झर्लंडमध्ये बस एका पेट्रोलपंपावर थांबली. उतरताना शेवटच्या पायरीवर तिचा बूट अडकला आणि ती खाली पडली. घोट्याचं हाड मोडलं होतं. ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टरांनी संध्याकाळीच ऑपरेशन करून हाडाला धातूची पट्टी बसवली आणि सांगितलं, सहा दिवस इथेच राहावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तिच्या खाटेभोवती उभे होते. टूर मॅनेजर मनोज भला मुलगा होता. त्याने समजावून सांगितलं, बस थांबू शकत नाही, बाकीची छत्तीस माणसं आहेत. पण घरच्या एकाला मागे राहता येईल. राहण्याची सोय विमा कंपनी बघेल, परतीचं तिकीटही तीच देईल.

केसरीनाथने हितेशकडे पाहिलं. हितेशने मनालीकडे पाहिलं. मनाली म्हणाली, लग्नानंतर आम्ही पहिल्यांदाच बाहेर आलोय. रंजिता म्हणाली, मला इंग्रजी येत नाही, मी राहून काय करणार? केसरीनाथ म्हणाला, मी थांबलो असतो, पण माझी शुगर, इथलं खाणं, उद्या मीच पडलो तर? खाली बसचा हॉर्न वाजला.

गोदूबाई सगळं ऐकत होती. घरी आलेला पाहुणा उठायला लागला की जसं बोलतात, तसं ती बोलली.

"तुमी जा. मी काय ल्हान हाय का?"

तिला वाटलं, केसरी म्हणेल, बाय, काहीतरी काय बोलतेस. केसरीनाथने तिचा हात दाबला आणि म्हणाला, "रोज फोन करतो." पाच मिनिटांत खोली रिकामी झाली.

सहा दिवस ती त्या खोलीत होती. शेजारच्या खाटेवर तिच्याच वयाची एक गोरी बाई होती. तिचा मुलगा रोज चार वाजता यायचा, आईच्या पायांना क्रीम लावायचा आणि निघताना गोदूबाईलाही मान हलवून नमस्कार करायचा. जेवणात बटाटे आणि सूप. खिडकीतून पार्किंग दिसायचं. केसरीनाथचा फोन पहिल्या दिवशी आला, दुसऱ्या दिवशी आला. मग फोटो येऊ लागले. धबधब्याचे, मनोऱ्याचे, सगळे गॉगल लावून हसताना. कामतघरला दिपाली रडत होती. तिच्याकडे पासपोर्टही नव्हता.

एका नर्सने मोबाईलवर काहीतरी लिहिलं आणि मोबाईल हिंदीत बोलला, आपके घरवाले कहाँ हैं?

"घूमने गये," गोदूबाई म्हणाली. नर्सला उत्तर कळलं, पण खरं वाटलं नाही. तिने पुन्हा तोच प्रश्न केला. ह्या वेळी गोदूबाईने तोंड भिंतीकडे वळवलं. त्या सहा दिवसांत ती रडली ती तेवढीच.

विमा कंपनीच्या माणसाने तिला व्हीलचेअरवरून विमानात बसवलं. मुंबईला दिपाली आणि जावई घ्यायला आले. केसरीनाथ तिसऱ्या दिवशी कामतघरला आला, चॉकलेटचे डबे घेऊन. दिपाली त्याला खूप बोलली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "पण बायच बोलली ना, तुमी जा म्हणून. विचार तिला."

"बोलले," गोदूबाई म्हणाली. "तू जाशील असा वाटला न्हाय."

पायाचं हाड जुळलं, पण मांडी घालून बसणं संपलं. ओट्याशी उभं राहून तिने भाकरी थापून पाहिली. चार भाकऱ्यांनी पाय सुजला. दिवाळीनंतरच्या हळदींना तिच्या जागी दुसरी बाई बसली. एका हळदीत गोदूबाई खुर्चीवर बसून होती आणि पलीकडे केसरीनाथ पाहुण्यांना सांगत होता, बहिणीला युरोप दाखवून आणला. एका पाहुणीने कौतुकाने विचारलं, काय काय बघितलंत? "पार्किंग," ती म्हणाली. पाहुण्यांना वाटलं आत्याबाई थट्टेखोर आहेत. केसरीनाथ सगळ्यांत मोठ्याने हसला.

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता ती रिक्षा करून वकिलाकडे गेली. केलेली सही मागे घेता येते का, विचारलं. वकिलाने कागद वाचला. जबरदस्ती झाली होती का? नाही. फसवलं होतं का? ती बराच वेळ विचार करत बसली. मग नाही म्हणाली. तर काही करता येणार नाही, असं वकिलाने सांगितलं आणि चहा मागवला. तिने तो घेतला नाही.

आता ती दिपालीकडेच असते. केसरीनाथ सणाला येतो, पेढे आणतो, तासभर बोलतो. गोदूबाई समोर बसून राहते आणि एका शब्दाचंही उत्तर देत नाही. परवा जाताना त्याने दिपालीला जिन्यात गाठून काळजीने सांगितलं, बायचे कान तपासून घे, तिला हल्ली ऐकू येत नाही.