लॉगमध्ये काही नाही

मी कुलदीप. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या मोहल्ल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आई म्हणते, "बापू, या रागापायी तू एखाद दिवशी कोणाचं तरी वाटोळं करशील." केलं ना. ज्याचं केलं त्या माणसाबद्दल लिहायला बसलो आहे.

त्यांचं नाव लटारूभाऊ. जातीने ढिवर, वय साठीला टेकलेलं. अहेरीच्या पलीकडे नदीकाठी त्यांचं गाव. गावच्या तलावात आणि नदीत डोंगा, म्हणजे लहान होडी, घालून मासे धरण्यात त्यांचा जन्म गेला. पाण्याचा रंग पाहून ते सांगत की वर कोणत्या अंगाला पाऊस पडला. गावातले लोक पुराच्या दिवसांत पैलतीरी जायचं असलं तर आधी त्यांना विचारत, "भाऊ, जाऊ का?" ते हो म्हणाले की जात, नाही म्हणाले की घरी बसत. चौथी शिकलेल्या माणसाला गावात एवढा मान मी दुसरीकडे पाहिला नाही.

त्या नदीवर एक बुटका पूल आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या चंद्रपूरच्या छोट्याशा कंपनीने तिथे मशीन बसवलं. पुलाखाली पाण्याची उंची मोजणारा सेन्सर, काठावर भोंगा, आणि चौकीत पडदा लावलेला एक डबा. डब्यात छोटा कॉम्प्युटर, त्यात लिनक्स, आणि त्यावर मी सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम. भोंगा वाजला की चौकीदाराने पुलाच्या तोंडचं फाटक पाडायचं. मनाने पाडायचं नाही, असा लेखी नियम होता. चौकीदार म्हणून लटारूभाऊंना ठेवलं. खाकी शर्ट मिळाला तेव्हापासून त्यांची बायको गुणाबाई पितळी तांब्यात निखारे भरून त्याला रोज इस्त्री करायची.

आता त्या प्रोग्रॅममधली माझी लाडकी गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथेच अडतं. मशीन दिवसभर स्वतःशी बोलत असतं. पाणी इतकं झालं, सेन्सरचं उत्तर उशिरा आलं, वायर सैल वाटते. हे बोलणं लिहून ठेवणं म्हणजे लॉग. त्यासाठी मी एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला जोडायचा वेगळा भाग, लिहिली होती. प्रोग्रॅमने फक्त बोलायचं. त्यातलं काय पडद्यावर दाखवायचं, काय फाइलीत ठेवायचं, काय सोडून द्यायचं, हे एका वेगळ्या नियमांच्या फाइलीत लिहायचं. बोलण्याला पायऱ्या होत्या: माहिती, त्याच्यावर इशारा, त्याच्यावर चूक. पाण्याचे आकडे एका वाटेने जात, मशीनच्या तब्येतीच्या तक्रारी दुसऱ्या. प्रोग्रॅमला हात न लावता, चंद्रपुरात बसल्या बसल्या, एक ओळ बदलली की मशीनचं तोंड उघडतं किंवा बंद होतं. मित्रांना दाखवताना माझी छाती फुगायची.

आणि मी ते बोलणं मराठीत लिहिलं होतं, हौसेने. तिथेच फसलो. लटारूभाऊ पडद्यावरची प्रत्येक ओळ एकेक अक्षर लावून वाचायचे आणि मला फोन करायचे.

"साहेब, मशीन म्हनते, से-न्स-रचं उत्तर उ-शि-रा आलं. आता मी काय करू?"

"काही करू नका, भाऊ. तो नुसता इशारा आहे."

"इशारा हाय म्हून तं इचारून राह्यलो ना बाप्पा! इशारा झाल्यावर मानसानं बसून राहावं का?"

दिवसाला दहा फोन, पंधरा फोन. जेवताना फोन, मीटिंगमध्ये फोन. जून महिन्यात एका दुपारी माझं डोकंच सटकलं. फोन आपटला, चंद्रपुरातूनच इंटरनेटवरून मशीनमध्ये शिरलो आणि तब्येतीच्या तक्रारींची ओळ बदलली. 'इशारा' होतं तिथे 'चूक' केलं. म्हणजे चूक घडली तरच मशीनने तोंड उघडायचं. इशारे पडद्यावरूनही गेले आणि फाइलीतूनही गेले. पडद्यावरून काढून फाइलीत ठेवता आले असते. त्याला आणखी एक ओळ लागली असती, बस. ती मी रागात लिहिली नाही.

दुसऱ्या दिवशी लटारूभाऊंचा एकच फोन आला. "साहेब, मशीन सुधरली! लय गुनाची झाली!" मी हसलो. ऑफिसात सगळ्यांना तो किस्सा रंगवून सांगितला.

जुलैत एका कुंभारमाशीने सेन्सरच्या तोंडात मातीचं घर बांधलं. खरा आकडा मिळाला नाही की शेवटचा चांगला आकडा धरून ठेवायचा आणि इशारा द्यायचा, असं मीच प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं. त्यामुळे पडद्यावर एक मीटर दहा, एक मीटर दहा, असंच येत राहिलं. इशारे मी बंद केलेले. भर दुपारची वेळ, गावावर लख्ख ऊन, पण वर डोंगरात पाऊस झाला होता. पाणी चढलं. गावातला डोमा मोटरसायकल घेऊन पुलावर आला आणि गाडीसकट वाहून गेला. पुढे झाडाला अडकला म्हणून वाचला, पण उजवा पाय गुडघ्यातून कायमचा अधू झाला. पाण्याच्या लोंढ्याने मातीचं घर धुऊन निघालं, आकडा एकदम तीन मीटर चाळीस झाला आणि भोंगा वाजला. तेव्हा डोमा झाडावर होता.

चौकशी झाली. मला मशीन तपासायला पाठवलं. सेन्सरच्या तोंडाशी मातीचं गोल कडं राहिलेलं दिसलं. मला सगळं कळलं. मी ते अंगठ्याने पुसून टाकलं. का पुसलं? हात आपोआप गेला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आपोआप कशाचा जातो! माझ्या नोकरीसाठी पुसलं.

चौकशीत लटारूभाऊ हात जोडून उभे होते. इस्त्रीचाच शर्ट होता. म्हणाले, "पानी लाल झालं होतं साहेब, मी डोयानं पाहलं. फाटक पाडाले धावलो बी. पन पडदा म्हने, एक दहा. मनानं फाटक पाडाचं नाई म्हनून लिहून देलं हाय तुमी. मी म्हनलं, आपले डोये म्हातारे, मशीन खरी."

आमच्या कंपनीच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कुलदीप, मशीनमध्ये काही बिघाड?"

मी म्हणालो, "लॉगमध्ये काही नाही, सर."

हे वाक्य खरं होतं. तेच तर माझं पाप. सरळ खोटं बोललो असतो तर निदान खोटं बोललो असं तरी म्हणता आलं असतं. डोमा नेमका किती वाजता वाहून गेला ते कोणी घड्याळात पाहिलं नव्हतं. बिघाडाची नोंद नाही, भोंगा वाजल्याची नोंद आहे, म्हणजे चौकीदार जेवून झोपला होता, असा निकाल निघाला. लटारूभाऊंची नोकरी गेली. मी चंद्रपूरला आलो आणि त्या रात्री नेहमीसारखा जेवलो.

पुढचं दीड वर्ष मी त्या रस्त्याला गेलो नाही. या फेब्रुवारीत अहेरीच्या बाजारात काही कामाने गेलो तर लटारूभाऊ सुकवलेल्या झिंग्यांचा ढीग मांडून बसलेले. सोबत गुणाबाई. बाजूचा भाजीवाला गिऱ्हाइकाला म्हणत होता, "मोजून घेजो बाप्पा, कुंभकर्ण बसला हाय वजनाले." लोक हसले. लटारूभाऊही हसले. मला पाहून लगबगीने उठले आणि बसायला पोतं टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"झिंगे विकत घेऊन विकता?" मी विचारलं. "डोंगा नाही घालत?"

"नाई जी. सोडलं ते. मले डोया लागते ना, अन् समजत बी नाई. त्या दिवशी नाई का लागला? मले तं वाटे मी जागा हावो. डोंग्यात लागला तं मरीन ना."

"तुम्ही तर चौकशीत म्हणाला होता की जागे होते म्हणून."

"म्हनलो असन. मानूस आपली बाजू सांगतेच. पन मशीन खोटं कशाले बोलन, साहेब? तिले काय माह्याशी वैर हाय?"

गुणाबाई खालमानेने म्हणाली, "मी बी तेच म्हनते त्याले. भात खाऊन पडला असशीन म्हनते."

मी तिथून पळालो. खरंच पळालो, झिंगेसुद्धा न घेता. पुढचा आठवडा भाकरी गोड लागली नाही. नोकरी गेली तर गेली, पण हा माणूस स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गमावून बसला होता, आणि तो मी काढून घेतला होता. सोमवारी सगळं कागदावर लिहिलं. बदललेली ओळ, मातीचं कडं, ते पुसणारा अंगठा, सगळं. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि थेट गाव गाठलं.

लटारूभाऊ अंगणात बसले होते. मी उभ्या उभ्याच बोललो. बसायची लाज वाटली. मशीनला इशारे द्यायचे होते, मी त्याचं तोंड दाबलं होतं. तुमचे फोन नकोत म्हणून दाबलं होतं. आकडा जुना होता. भोंगा डोमा वाहून गेल्यावर वाजला. त्यांना अर्धं कळलं नसावं. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग मी जागा होतो?"

"जागे होता, भाऊ."

"पक्का?"

"पक्कं."

त्यांनी गुणाबाईला हाक मारली. "हे पाय, साहेब काय म्हनतेत. सांगा हो, पुन्हा एकडाव सांगा." मी पुन्हा सांगितलं. मग शेजारी आले, तर त्यांच्यासाठी पहिल्यापासून. मग कोणीतरी डोमाला आणलं. तो काठी टेकत आला, आणि मी त्याच्यासमोर सांगितलं. त्याच्या पायाकडे माझ्याने बघवलं नाही. दर खेपेला लटारूभाऊ मध्येच मला थांबवून सगळ्यांकडे पाहत आणि विचारत, "मंग मी जागा होतो ना?" आणि मी म्हणायचो, "जागे होता, भाऊ." पाच वेळा झालं, सहा वेळा झालं. गुणाबाई भिंतीशी बसून पदर तोंडात कोंबून रडत होती. "मी बी टोचून टोचून खाल्लं रे तुले," म्हणत होती.

शेवटच्या खेपेला लटारूभाऊंचा आवाज बसला होता. म्हणाले, "साहेब, तुमी म्हनता म्हून मी जागा होतो. मशीन म्हने तवा झोपलो होतो. मले सोताले आता काई आठवत नाई. त्या दिवशी पानी खरंच लाल होतं का?"

"होतं, भाऊ. तुम्हीच चौकशीत सांगितलं. मी समोर बसून ऐकलं."

मग तोपर्यंत एकदाही न विचारलेलं त्यांनी विचारलं. "तुमी आयकलं होतं? तुमाले मालूम होतं? मंग तवाच काऊन नाई बोलले?"

साऱ्या मोहल्ल्यासमोर मी म्हणालो, "भ्यालो होतो, भाऊ."

ते उठले, घरात गेले. गुणाबाईही उठून मागोमाग गेली, आणि तिने आतून कडी लावली.